पलंगावरून खुर्चीत

"ताई, रागावू नका, पण हा पेशंट आहे की गुंडाळून ठेवलेली गादी?"

व्यायामवाल्या मॅडमनी कागद टेबलावर ठेवला आणि खुर्ची ओढून बसल्या. इस्पितळाच्या तळमजल्यावरची खोली, शेजारी छपाईचं मशीन आणि टेबलामागे चित्रवाल्या ताई. पेशंटला घरी सोडताना पत्रकं देतात ना, गुडघा कसा वाकवावा, काठी कुठल्या हातात धरावी, त्यातली सगळी माणसं ताईंच्या हातची. आणि सगळी एकजात ताठ. दुखणं नाही, कंटाळा नाही, काही म्हणता काही नाही. नर्सेस ताईंना पाठीमागे 'फूटपट्टीबाई' म्हणायच्या. ताईंच्या कानावर ते आलं होतं. आपण असलं काही मनाला लावून घेत नाही, असं त्या सांगत. चांगलं लावून घेतलं होतं.

मॅडम वयाने लहान, पण मनाने चांगल्या. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. पत्रकं नव्याने छापायची होती आणि वरचे साहेब म्हणत होते, ही लाकडी माणसं बघून कुणाला काही कळत नाही, त्यापेक्षा बाहेरून फोटो काढून घेऊ. बाकीची पानं मॅडमनी रदबदली करून कशीबशी पास करून घेतली होती. अडलं होतं ते एकच, 'पलंगावरून खुर्चीत'. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला घरच्यांनी कसं उचलून बसवायचं, त्याचं. ते जमलं तर ताईंचं टेबल राहणार, नाही तर नाही.

ताई "बघते" म्हणाल्या. टेबल गेलं असतं म्हणून त्या काही उपाशी मरणार नव्हत्या, कुठल्या तरी खिडकीत पावत्या फाडायला बसवलंच असतं. पण या टेबलापाशी दिवसातून चारदोन माणसं येऊन उभी राहायची, "ताई, जरा एक खांदा काढून द्या" म्हणायची. घरी तेवढंही कोण होतं?

म्हणून पन्नाशी उलटल्यावर ताईंनी संध्याकाळचा क्लास लावला, जेश्चर ड्रॉइंगचा. वर्गात सगळी कॉलेजची पोरं आणि शिकवायला एक म्हातारे, खवट सर. वर्गातलंच कुणीतरी पुढे येऊन उभं राहायचं आणि अर्ध्या मिनिटात सर टाळी वाजवायचे, झालं, पुढचं! तेवढ्या वेळात ताईंचा जेमतेम एक कान व्हायचा. सर मागून डोकावायचे. कान झकास आहे, म्हणायचे, माणूस कुठाय? नाक-डोळे मागाहून बघू, आधी हा करतोय काय ती एक रेघ पकडा, डोक्यापासून टाचेपर्यंत. कितीही सांगा, पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी सरांनी हात टेकले आणि एक दिवस समजुतीने म्हणाले,

"बाई, नुसतं डोळ्यांनी काढू नका. आधी स्वतः तसं उभं राहून बघा. अंगाला कळलं की हाताला सांगावं लागत नाही."

हे मात्र ताईंना पटलं. घरी आल्या की कपाटाच्या आरशासमोर उभ्या. कधी दमून आलेला माणूस, कधी चिडलेला, कधी बसची वाट बघून वैतागलेला. वजन कुठे जातंय, ताण कुठे येतोय ते बघायचं आणि तस्सं धावत जाऊन कागदावर उतरवायचं. शेजारच्या वहिनींनी हे खिडकीतून पाहिलं आणि बिचाऱ्या तेलाची बाटली घेऊन आल्या, पाठ धरली का विचारायला. ताईंनी चक्क हो म्हणून टाकलं. म्हटलं, तेवढीच बाई पाच मिनिटं टेकेल. टेकली. मग घरून हाक आली, गेली.

हळूहळू कागदावरची माणसं वाकायला लागली. दमलेल्याचे खांदे उतरले, चिडलेल्याची मान पुढे आली. सरांनी एका चित्राकडे बघून नुसतं "हं" केलं, तर पोरं म्हणाली, ताई, सरांचं हं म्हणजे लॉटरी समजा.

मग ताईंनी ते पान काढायला घेतलं. उचलणारी बाई एका रेघेत आली. गुडघे वाकवलेले, पाठ सरळ, सगळा भार मांड्यांवर. ते अंगाला शिकवावंच लागलं नाही. आईला त्यांनी वर्षानुवर्षं असंच उचललं होतं, सकाळी खुर्चीत, संध्याकाळी पलंगावर. आई जाऊन बराच काळ लोटला, तरी मांड्या विसरल्या नव्हत्या. पण जिला उचलायचं ती म्हातारी? गादी ती गादीच. आरशासमोर एकटीने उभं राहून ते कळणार तरी कसं? उचलायला दुसरं माणूस लागतं. आपल्याला शेवटचं कुणी जवळ घेतलं होतं, ते ताई आठवत बसल्या. आई गेली तेव्हा बायका भेटायला आल्या होत्या, पण ताई सगळा वेळ चहाचे कप गोळा करत होत्या. त्याच्या आधीचं काही आठवेना.

दुसऱ्या दिवशी मन घट्ट करून त्या वर व्यायामाच्या खोलीत गेल्या.

"मॅडम, मला एकदा उचलून दाखवाल? पेशंटसारखं. कामासाठी हो."

मॅडमना गंमतच वाटली. त्यांनी ताईंना पलंगाच्या कडेला बसवलं, अंग सैल सोडा म्हणाल्या, तुम्ही काही करायचं नाही. मग वाकून त्यांच्या काखेखालून हात घातले, पाठीशी पक्कं धरलं आणि उचललं. साबणाचा वास आला. गालाला खांदा लागला, चांगला उबदार. आणि काय झालं कुणास ठाऊक, ताईंचे दोन्ही हात आपले आपण वर गेले आणि मॅडमच्या मानेभोवती घट्ट बसले.

आई अगदी असंच धरायची. रोज. आणि ताई रोज करवादायच्या, आई, मान सोड, तोल जातो माझा. त्यांना वाटायचं, म्हातारी पडायला भिते. भीत कसली होती! दिवसभरात तेवढंच कुणीतरी इतकं जवळ यायचं, तेवढ्यात धरता येईल तितकं धरून घ्यायची. ताईंना हे आज कळत होतं.

मॅडमनी त्यांना खुर्चीत टेकवलं. तरी हात सुटेनात. मॅडमही तशाच वाकून थांबल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "बसलात, ताई."

ताईंनी हात काढून घेतले, चष्मा पुसला, आता जमेल म्हणाल्या आणि तरातरा खाली आल्या.

आणि जमलं. दोन रेघांत जमलं. एक खालून भार घेत वर येणारी, दुसरी तिच्यावर सगळी रेललेली, आणि मानेभोवती म्हातारीचे हात, बोटांत बोटं अडकवून. संध्याकाळी सरांनी ते कितीतरी वेळ पाहिलं. पोरांना गोळा केलं आणि म्हणाले, हे बघा, याला माणूस म्हणतात. ताई घरी निघाल्या त्या हवेतच. कुणालातरी सांगावंसं वाटत होतं. वहिनींच्या दाराला कुलूप होतं. धाकट्या भावाला फोन लावला, तर तो कामात होता, मग करतो म्हणाला.

सकाळी मॅडमही चित्र बघतच राहिल्या. आता फोटोचं नाव कुणी काढायचं नाही, म्हणाल्या. मग जरा घुटमळल्या आणि त्या हातांवर बोट ठेवलं.

"एवढं मात्र बदलावं लागेल, ताई. पेशंटने मान धरायची नाही. उचलणाऱ्याचा तोल जातो, दोघंही पडतात. हात आपल्या मांडीवर ठेवायचे. काल मी बोलले नाही, कारण..."

"बरोबर आहे तुमचं," ताई म्हणाल्या. "लोक चित्रात बघून तसंच करतील. उगाच कुणीतरी पडायचं."

टेबलापाशी येऊन त्यांनी खोडरबर घेतलं. आधी बोटं खोडली, मग मनगटं, मग कोपरापर्यंतचे हात. उचलणाऱ्या बाईची मान मोकळी झाली. म्हातारीचे हात त्यांनी खाली आणले आणि तिच्याच मांडीवर एकावर एक ठेवले, नियमाप्रमाणे. बाकी एका रेघेला धक्का लावला नाही. म्हातारी होती तशीच त्या बाईच्या अंगावर कललेली राहिली. ताईंनी कागदावरचा रबराचा चुरा फुंकला आणि चित्र छपाईला दिलं.