पेटी नंबर एक्केचाळीस

सगळी संस्था तिला ताई म्हणायची, पण सख्खा भाऊ तिला एकच. फळबागायतदारांच्या सहकारी संस्थेत ती बारा वर्षं पेरूंची प्रतवारी करत होती. फळ हातात घेतलं की पहिली प्रत की दुसरी, हे ती बघता बघता सांगायची, आणि तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

संस्थेचे नियमही तसेच कडक. पेटीवर नाव नाही, फक्त नंबर. प्रतवारी करणाऱ्यानं माल ओळखला, तर हात वर करून बाजूला व्हायचं आणि दुसऱ्यानं तपासायचं. बारा वर्षांत कोणाचाही हात वर गेला नव्हता. म्हणजे कोणी ओळखलंच नव्हतं, असं नाही. ताई तर भावाची पेटी झाकण उघडताच ओळखायची. आईनं दोघांना शिकवलं होतं तसा तो प्रत्येक पेरू देठ खाली करून, कागदात बसवून, एकाला दुसरा न लागता रचायचा. ताई गुपचूप तपासायची. आपण कोणाची बाजू घेत नाही, मग हात कशाला वर करायचा, असं तिचं म्हणणं. थोडी घमेंडच म्हणा ना.

या वर्षी भाऊ संचालकपदाला उभा राहिला. शीतगृहात लहान बागायतदारांच्या पेट्यांना जागाच उरत नसे. ती मिळवून द्यायची, हा ध्यास त्यानं दोन वर्षं घेतला होता. पण उमेदवाराचा निवडणुकीआधीचा शेवटचा माल पहिल्या प्रतीचाच हवा. ज्याचा स्वतःचा माल दुसरा, त्यानं इतरांना शहाणपण शिकवू नये, असं जुन्या मंडळींनी ठरवून ठेवलेलं. झालं, चर्चेला ऊत आला. बहीण प्रतवारीला, भाऊ मंडळावर, घरचंच कार्य की! हे ताईच्याही कानावर आलं. तिनं ठरवलं, या वेळी हात वर करायचाच.

माल आणायच्या शेवटच्या दिवशी ती सकाळपासून भावाच्या पेटीची वाट बघत होती. एक्केचाळीस नंबरची पेटी उघडली आणि तिचं डोकंच फिरलं. पेरू कसेही कोंबलेले, एकाचा देठ दुसऱ्याच्या सालीत घुसलेला, जिकडेतिकडे काळे डाग. झाडावर सोन्यासारखं असलेलं फळ कोणीतरी भरताना मातीमोल केलं होतं. "दुसरी," ती म्हणाली आणि हा कोण नग आहे, असं पुटपुटत पुढच्या पेटीकडे वळली.

दुपारी सचिवांनी नंबरांपुढची नावं वाचली. एक्केचाळीस म्हणजे तिचा भाऊ.

ती तडक त्याच्या बागेत गेली. तो रिकाम्या पेटीवर बसला होता. तिनं त्याला चांगलंच फैलावर घेतलं, आईचं नाव काढलं, हात मोडले होते का, असंही विचारलं.

"माझी पेटी तू ओळखतेस, मला माहीत आहे," तो म्हणाला. "उद्या लोक तुला बोलले असते. म्हणून तुला ओळखू येऊ नये अशी मुद्दाम भरली. वाटलं, एवढ्याशा वाटेत पेरूंना काय होतंय."

"अरे वेड्या, मी हात वर करणार होते."

"तू?" त्याला हसूच फुटलं. मग तिलाही, डोळ्यांत पाणी असताना.

चेअरमन फेरतपासणी करायला तयार होते. भाऊ नको म्हणाला. "डाग आहेत ना? मग दुसरीच. तुझं बरोबर आहे, ताई."

निवडणूक त्याच्याशिवाय पार पडली आणि पुढची तीन वर्षांनी होती. शीतगृहाचा कारभार होता तसाच राहिला. पहिल्याच वर्षी आपण हात वर केला असता, तर त्याला लपायची वेळ आली नसती, हे ताईला टोचत राहिलं.

पुढच्या हंगामात पहिल्याच दिवशी एक पेटी आली. देठ खाली, कागद नीट, एकाला दुसरा न लागता. ताईनं भरल्या शेडमध्ये हात वर केला.

"हा माल माझ्या भावाचा आहे. मी बाजूला होते."

दुसरी तपासनीस पुढे आली. ताई नियमाप्रमाणे भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मागे एकेक पेरू उचलल्याचा, ठेवल्याचा आवाज येत होता आणि ती बाई भलताच वेळ घेत होती. बाहेर रांगेत उभ्या असलेल्या सभासदांचं काळीज कसं धडधडतं, ते ताईला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं.