दाव्याला कारण

आई कोर्टाला सवत म्हणायची. बाबा सकाळी तिच्याकडे जायचे, संध्याकाळी घरी यायचे आणि आले तरी निम्मे तिथेच राहिलेले असायचे. आई गेली, मी कॉलेजात शिकवू लागले, आणि सवतीचा तो मत्सर माझ्याकडे वारशाने आला.

पुढे त्याला चेहरा मिळाला. बाबांकडे एक ज्युनिअर वकील आली. बाबा तिला ‘धाकटी’ म्हणत. त्यांचं ऐकून सगळं कोर्टच म्हणू लागलं. मी एकुलती एक. जेवताना बाबा सांगायचे, “आज धाकटीने काय बहार केली!” सांगताना चष्मा घसरायचा, हात खरकटा असायचा, म्हणून ते तो मनगटाने वर सरकवायचे. मी आमटी वाढून घ्यायचे. काय बहार केली ते कधी विचारायचे नाही.

बाबा गेले. भेटायला येणारे यायचे थांबले, तेव्हा त्यांचं चेंबरमधलं सामान आणायला मी कोर्टात गेले.

इमारत तीच. तळमजल्यावर लहान किमतीच्या दाव्यांचं कोर्ट: सामाईक भिंती, अडवलेल्या वाटा, घर न सोडणारे भाडेकरू. वरच्या मजल्यावर मोठे दावे आणि खालच्या निकालांवरची अपिलं. त्याच्याही वरचं कोर्ट दुसऱ्या शहरात. लहानपणी बाबांनी मला याच जिन्यावर उभं करून हे समजावलं होतं. “खाली हरला की माणूस जिना चढतो, वर हरला की गाडी पकडतो.”

चेंबर जिन्याखालीच. मी कपाट उघडत होते तेवढ्यात धाकटी कोर्टातून आत आली. अंगात काळा गाऊन. उजव्या खांद्यावर निळ्या दोऱ्याची शिवण. काळा दोरा संपला होता आणि बाबा दारात घाई करत उभे होते, त्या सकाळची ती आईची शिवण.

“हा बाबांचा गाऊन आहे,” मी म्हणाले.

“हो ताई. इस्पितळात गेले तेव्हा इथेच खुंटीवर राहिला.”

“म्हणून तुम्ही घालायचा?”

तिने हातातली फाईल टेबलावर ठेवली.

“मी दावा लावीन,” मी म्हणाले. इतका बालिश आवाज माझ्या गळ्यातून निघेल असं मला वाटलं नव्हतं. ती हसली असती तर बरं झालं असतं. तिने खुर्ची ओढली आणि कोरा कागद पुढ्यात घेतला.

“बसा. मागणी काय?”

“म्हणजे?”

“सरांची पद्धत. दाव्यात मागणी अगदी शेवटी येते, पण सर ती सगळ्यात आधी लिहायला लावायचे. लोक रडगाणं घेऊन येतात म्हणायचे, मागणी घेऊन येत नाहीत. आणि न मागितलेलं कोर्ट देत नाही.”

ही पद्धत मला ठाऊक नव्हती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गाऊनमुळे की पद्धतीमुळे, सांगता येणार नाही.

“गाऊन परत हवा. एवढीच मागणी.”

“वादी तुम्ही, प्रतिवादी मी. मी राहते याच गावात, वस्तूही इथेच, म्हणजे दावा इथेच लागणार. उसवलेल्या गाऊनची किंमत ती काय? जिना चढायलाच नको, तळमजल्यावर काम होईल. दाखल झाला, नंबर पडला, की बेलीफ समन्स घेऊन माझ्या दारात. मग मी माझं म्हणणं लेखी देणार.”

“काय म्हणणं देशील?” नकळत मी ‘तू’वर आले होते.

“वा! ते आत्ताच सांगू? मग माझा वकील मला जिवंत ठेवेल का?”

मला हसू येऊ लागलं. मी ते गिळलं.

“आता कारण,” ती म्हणाली. “दाव्याला कारण कधी घडलं?”

“तू दारातून आत आलीस तेव्हा.”

“नाही ना. मी तो चोरला नाही, तो माझ्याकडे राहून गेला. तुम्ही मागायचा, मी नाही म्हणायचं, तेव्हा कारण घडतं. ताई, तुम्ही अजून मागितलाच नाहीत.”

खरंच मागितला नव्हता.

“मग मागते. दे.”

तिने गाऊनची कड मुठीत धरली. “उद्या सरांची शेवटची केस आहे. वाटेच्या हक्काची. हाच घालून उभी राहणार होते.” मग जरा थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाली, “तुमच्याकडे ते रोज यायचे. संध्याकाळ झाली की वाक्य अर्धं टाकून उठायचे. ‘चला, थोरली वाट बघत असेल.’ समोर पक्षकार बसलेला असला तरी. मला इतका राग यायचा तुमचा!”

थोरली. घरात हा शब्द मी कधी ऐकला नव्हता.

“म्हणजे नाही म्हणतेस?” मी विचारलं. तिने नाही म्हणावं असं मला फार वाटत होतं. दावा उभा राहिला असता, तारखा पडल्या असत्या; दिवाणी दावे वर्षानुवर्षं चालतात.

तिने गाऊन उतरवला, घडी करून माझ्या हातात दिला. “घ्या. कारणच उरलं नाही.”

घरी आल्यावर त्याला तिच्या केसांच्या तेलाचा वास येत होता. मी तो धुतला नाही. तिचा वास गेला असता, तसा बाबांचाही गेला असता.

दुसऱ्या दिवशी मी तळमजल्यावरच्या कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बसले. गाऊन पिशवीत होता. द्यायचा म्हणून नेला होता का, मला विचारू नका. पुकारा झाला. धाकटी उभी राहिली. कुणाचा तरी मागून आणलेला गाऊन, घोट्यापर्यंत लोळणारा, सारखा खांद्यावरून घसरणारा. मला बरं वाटलं.

मग तिने सुरुवात केली, आणि शेवटच्या परिच्छेदापासून केली. “माझ्या पक्षकाराची मागणी एवढीच आहे,” असं म्हणून तिने चष्मा मनगटाने वर सरकवला. तिचा हात स्वच्छ होता.

बाबांची ही लकब कुठल्या कोर्टात परत मागायची? खालच्या की वरच्या?

सुट्टी झाली, तिचं बोलणं अर्धंच राहिलं. पिशवी पोटाशी धरून मी न्यायाधीशांच्या खालच्या टेबलापाशी गेले आणि कारकुनाला पुढची तारीख विचारली.

“तुम्ही कुणाकडून?” त्याने मान वर न करता विचारलं. “वादीकडून की प्रतिवादीकडून?”

“अजून ठरलं नाही,” मी म्हणाले. “तारीख तेवढी सांगा.”