आडव्या भोकाची करणी

तिसगावच्या रायफल क्लबात त्या सकाळी नेमबाज तीन आणि नारळ तीस! नेमबाज रेश्माच्या टार्गेटचा कागद उंच धरून मांत्रिक त्राटकबाबा ओरडत होता, "बघा! गोळीचं भोक गोल पडाया पायजे. हितं लांबुळकं पडलंय. गोळी आडवी गेली, कारन घरातलीच नजर आडवी हाय!"

मग त्यानं लाल फडक्यातनं सहा मंतरलेली काडतुसं काढून रेश्माला दिली. तिनं पाच झाडली. पाचही भोकं गोल, मधोमध. झालं! नारळ फुटले, लोक पायावर पडले.

सहावं काडतूस रेश्मानं मुठीतच ठेवलं. आठवड्यावर तिची जिल्हा निवड होती, पण तिला घोर वेगळाच होता. बाबानं बोट झुंबरआत्यावर रोखलं होतं. आईविना वाढलेल्या रेश्माला याच विधवा आत्यानं लहानाचं मोठं केलं होतं. ती बाबाच्या पाया पडत नसे, हाच तिचा गुन्हा. आणि रेश्माचा बाप आप्पासाहेब बहिणीला सुनावत होता, "आजच्या आज घर सोड. माज्या पोरीचं वाटोळं नको."

"अरं, मी रायफल पुसली फकस्त!" आत्याला रडू फुटलं.

रेश्माला भयंकर राग आला. तिनं मुठीतलं काडतूस घरनं आणलेल्या नव्या डब्यातल्या काडतुसाशेजारी धरलं. बाबाच्याचं शिसं आखूड, घरच्याचं लांब. अस्सं होय!

"बाबा, आता आमच्या डब्यातली मंतरा की."

"ती विटाळली हायेत."

"मग मंतर कच्चा म्हनायचा का?"

लोक हसले. बाबाला माघार घेता येईना. त्यानं भस्म फुंकलं, डोळे फिरवले, घसा फोडला. रेश्मानं गोळी झाडली. भोक पुन्हा आडवंच!

"आत्या, क्लबाच्या कपाटातला जुना डबा आन. तुज्या हातानं दे."

आत्यानं क्लबाचा शिपाई कल्याण याच्याकडनं किल्ली घेऊन डबा आणला आणि एकेक काडतूस दिलं. ना मंतर, ना भस्म. पाचही भोकं गोल.

डब्यात सहा काडतुसं आधीच कमी होती. कपाटाची किल्ली एरवी फक्त कल्याणकडं, आणि कल्याण बाबाचा चेला. सगळे आपल्याकडं बघतायत म्हटल्यावर तो पुटपुटला, "बाबांनीच मागितली हुती."

"नळीत पिळाच्या खाचा असत्यात," रेश्मा म्हणाली. "त्या गोळीला फिरवत्यात, म्हनून ती सरळ जाते. आपल्या नळीचा पीळ सोळा इंचात एकच फेरा देतो. जुन्या डब्यातल्या चाळीस ग्रेन वजनाच्या आखूड गोळीला तेवढा पुरतो. ही साठ ग्रेनची, लांब. हिला जास्त फिरकी लागते. कमी फिरवलेला भोवरा लटपटतो, तशी ही लटपटत जाऊन कागदावर आडवी आदळते. रायफलीच्या पुस्तकात लिवलंय सगळं."

"मग ही जड काडतुसं आनली कुनी?" गर्दीतनं कुणीतरी विचारलं.

आप्पासाहेबानं मान खाली घातली. "मीच. म्हनलं, गोळी जड तर दमबी जास्त."

बाबा तोवर फाटकापर्यंत पोचला होता.

"आक्का, चुकलं माजं," आप्पासाहेब म्हणाला.

आत्यानं पदरानं डोळे पुसले. "चुकलं गोळीत, ते चालंल रं. पन मला न इचारता त्या बाबाला इचारलंस."

आप्पासाहेबानं बहिणीचे पाय धरले. तर बाबांनो, नेम चुकला की नळी तपासा, गोळी तपासा, न कळलं तर जाणत्याला विचारा. घरातल्या बाईवर करणीचा आळ घेऊ नका. तो अन्याय आहे, आणि कायद्यानं गुन्हाही आहे.