गादीखालचा रंग

चामड्याच्या खुर्चीचा खरा रंग कोणता, हे खुर्चीच्या मालकाला विचारू नये. बसायची गादी उचलावी आणि खाली पाहावे. ऊन, घाम आणि माणसाचा हात जिथे पोहोचलेला नसतो, तिथे तो रंग असतो. हा नियम आमच्या ह्यांचा. लग्न होऊन मी या घरात आले त्या वर्षी त्यांनी तो मला शिकवला, आणि पुढे बावन्न वर्षे मी तो इतक्या जणांना ऐकवला की नियम माझाच आहे असे लोक समजू लागले. मी कधी कोणाचा गैरसमज दूर केला नाही.

खाली कारखाना, वर घर आणि मधे चौदा पायऱ्यांचा जिना, अशी आमची मांडणी. लोक रंग उडालेले, भेगाळलेले कोच आणून टाकत आणि पंधरा दिवसांनी नवे कोरे घेऊन जात. कातडे, शिवण आणि स्प्रिंगा ही ह्यांची बाजू, रंग माझी. सहा डब्यांतून हवा तो रंग मी कालवून देत असे. ह्यांनी त्याबद्दल कधी चांगला शब्द काढला नाही, वाईटही नाही. काम पुरे झाले की खुर्चीभोवती एक फेरी मारत, तिच्या हातावरून बोट फिरवत आणि म्हणत, "पाठवा." त्या एका शब्दावर मी संसार केला, आणि चांगला केला.

चार वर्षांपूर्वी ह्यांना विसर पडू लागला. आधी वस्तूंची नावे गेली, मग नातवंडांची तोंडे, मग मुलगा. गेल्या हिवाळ्यात माझी पाळी आली. एके सकाळी त्यांनी मला "बसा ना, बाई" म्हटले, आणि तेही फार अदबीने. गिऱ्हाइकाशी बोलत तसे. त्या दिवसापासून मी माझ्याच घरात बाई झाले. घरातल्या कोणाला मी डोळे पुसताना दिसणार नाही, याची मी काळजी घेतली.

उरली ती खुर्ची. लग्नाच्या वर्षी ह्यांनी स्वतः बांधलेली, कारखान्याच्या रस्त्याकडच्या खिडकीशी ठेवलेली. बाकी सारे विसरलेला हा माणूस रोज दहाच्या ठोक्याला चौदा पायऱ्या एकटा उतरे, कोणाला हात लावू देत नसे, आणि थेट जाऊन तिच्यात बसे. खुर्चीच्या उजव्या हाताच्या चामड्याला बोटभर लांबीची भेग पडली होती. तिच्यात अंगठा घालून ते बसले की चेहऱ्यावरचा गोंधळ ओसरत असे. मग दुपारपर्यंत घराला घोर नसे.

उन्हाळ्याच्या तोंडाशी वन्सं आल्या. ह्यांची धाकटी बहीण. जिभेला हाड नाही आणि डोळ्यांतून काही सुटत नाही. आल्या आल्या त्यांनी खुर्चीकडे बोट केले.

"वहिनी, जगाचे कोच चकाचक करता आणि माझ्या भावाला या खेटरावर बसवता? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच बरं का!"

"खुर्ची त्यांच्या आवडीची आहे, वन्सं."

"त्याला आता काय आवडतं आणि काय नाही, ते सांगायला तो राहिलाय कुठं? पण येणारा-जाणारा बघतो ना! म्हणेल, म्हातारा कामाचा उरला नाही, टाकला अडगळीत."

अडगळ हा शब्द माझ्या काळजात रुतला. ज्या माणसाच्या हाताखालून शेकडो खुर्च्या गेल्या, त्याला मी अडगळीत टाकले, असे कोणी म्हणावे? वन्सं भावाला आठ दिवस आपल्या घरी घेऊन जाणार होत्या. मी ठरवले, ते परत येतील तेव्हा खुर्ची पहिल्या दिवसासारखी उभी असेल.

सूनबाई माझ्यासमोर सहसा तोंड उघडत नाही. त्या दिवशी उघडले.

"आई, एक बोलू? बाबांचा अंगठा त्या भेगेत असतो. तेवढी भेग ठेवली तर?"

"भेग ठेवून रंग लावायचं कोणत्या कारखान्यात शिकलीस?"

"कुठंच नाही. रोज खुर्ची पुसते, म्हणून म्हटलं."

"पुसणं वेगळं आणि रंगवणं वेगळं."

तिने मान खाली घातली. मी चष्मा चढवला आणि कामाला बसले.

साबणाच्या पाण्याने चामडे धुतले. डोके टेकण्याच्या जागी तेलाचा काळपट डाग होता. तो काढल्याखेरीज रंग धरत नाही, चार महिन्यांत पापुद्रे सुटतात. स्पिरिटच्या फडक्याने तो तीनदा पुसून काढला. भेगेत लुकण भरले, वाळू दिले आणि बारीक पॉलिश कागदाने असे घासले की डोळे मिटून बोट फिरवले तरी भेग कुठे होती ते सांगता येऊ नये. मग गादी उचलली.

खाली गडद डाळिंबी रंग होता, काल लावल्यासारखा. या घरात येऊन मी कालवलेला तो पहिला रंग. वरचे चामडे एव्हाना दुधाच्या चहासारखे फिकटले होते. इतकी वर्षे खालचे डाळिंब माझ्या ध्यानातही नव्हते. मी तोच रंग पुन्हा कालवला. पातळ पातळ असे पाच हात दिले, प्रत्येक हात पुरता वाळल्यावर पुढचा. शेवटी वरून चकाकी दिली. मुलगा कामावरून आला आणि दारातच थबकला.

"आई, अजून हात तसाच आहे तुझा!"

"हाताला काय धाड भरलीये?" मी म्हणाले. मनातून मात्र मी एकच शब्द ऐकायला टपले होते. ओळख नसली तर नसू दे. फेरी मारतील आणि "पाठवा" म्हणतील, अशी मला खुळी आशा होती.

हे आठव्या दिवशी परतले. दुसऱ्या सकाळी दहाच्या ठोक्याला जिना उतरले, खिडकीपर्यंत गेले आणि उभे राहिले. खुर्चीकडे पाहिले, तिच्या मागे पाहिले, टेबलाखालीही वाकून पाहिले.

"माझी खुर्ची कुठं आहे?"

"ही काय, तुमचीच आहे. बसून तर बघा."

"ही लोकांची आहे, बाई," ते समजुतीने म्हणाले. "लोकांच्या खुर्चीवर बसायचं नसतं आमच्यात."

मी त्यांचा हात धरून उजव्या बाजूवर ठेवला. अंगठा चामड्यावरून पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे गेला. त्याला काही सापडले नाही. मग त्यांनी हात असा काढून घेतला, जसा परक्याच्या खिशातून काढावा.

प्रवासाचा शीण असेल, असे मुलगा म्हणाला. शीण चार दिवसांत जातो. दहा दिवस झाले तरी ते रोज उतरत आणि कारखानाभर फिरत. जेवायला बसत नसत, बसलेच तर घास हातात घेऊन उठत. पायांना सूज आली. बाराव्या दिवशी दुपारी ते फाटकाबाहेर गेले आणि कोपऱ्यावरच्या न्हाव्याने त्यांना हाताला धरून परत आणले. "आजोबा खुर्ची शोधत होते," तो म्हणाला. "माझ्या दुकानात तीन आहेत, म्हटलं घ्या त्यातली एक, तर म्हणाले, या फिरत्या आहेत." तो हसला आणि माझ्याकडे पाहताच दुकानाकडे वळला.

त्या दुपारी मला एक जुनी गिऱ्हाईक बाई आठवली. वडील वारल्यावर त्यांची खुर्ची रंगवून घ्यायला आली होती. नेली आणि दुसऱ्या दिवशी परत येऊन रडू लागली, की ही त्यांची नव्हे. मी तिला म्हणाले होते, "जुनीच हवी होती तर आणलीत कशाला, बाई? घरी ठेवायची होती." ह्यांनी ते ऐकले. मला काही बोलले नाहीत, पण तिची खुर्ची स्वतः उचलून गाडीपर्यंत नेऊन दिली. ते ओझे त्यांनी का उचलले, हे मला आज, म्हातारपणी, कळले.

मी स्पिरिटची बाटली आणि फडकी घेऊन खाली बसले. आपणच चढवलेले पाच हात आपणच उतरवायचे. फडके डाळिंबी होऊ लागले. पण कुठे किती उतरवायचे? खुर्ची कुठे झिजली होती, कुठे काळवंडली होती, मला आठवेना. बावन्न वर्षे ती माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी तिच्यात दुरुस्त करायचे तेवढेच पाहिले होते.

"सूनबाई," मी हाक मारली. "खाली ये. तू रोज पुसत होतीस. सांग मला."

ती आली. टोमणा मारायला तिला याहून चांगली संधी मिळाली नसती. तिने मारला नाही. जमिनीवर बसली आणि सांगू लागली.

"डावीकडे जास्त काढा, आई. बाबा डावीकडे कलून बसतात. पाठीला मधोमध नाही, जरा वर. तिथं चष्म्याची काडी घासायची."

"इथं?"

"अजून थोडं. हां. आणि भेगेचं वरचं टोक खिडकीकडे वळलेलं होतं."

मी चाकू घेतला आणि माझ्याच हाताने भरलेली भेग पुन्हा उघडली. दोन दिवस ती सांगत होती आणि मी ऐकत होते. या घरात असे आधी घडलेले नव्हते.

तिसऱ्या दिवशी दहाला हे उतरले. खुर्चीपाशी आले आणि थांबले. मी मागे उभी राहिले. त्यांनी खुर्चीभोवती फेरी मारली. तीच फेरी, डावा हात पाठीशी, मान किंचित तिरकी. खुर्चीच्या हातावरून बोट फिरवले आणि ते नाकाशी नेले.

"स्पिरिट," ते म्हणाले. आवाज जुना होता, कारखान्यातला. "बाई, ही तुमची का?"

"हो."

"कोणीतरी चांगल्या रंगाचं वाटोळं केलंय. ही भेग बघा, चाकूची आहे. कडा कशा सरळ आहेत! हातानं पडलेली भेग अशी नसते."

"होईल का नीट?"

"न व्हायला काय झालं? आमच्या घरात आहे ना ती. रंगाची नजर म्हणाल तर तिच्यासारखी दुसरी नाही." मग माझ्याकडे झुकून, आवाज खाली आणून म्हणाले, "तिच्या तोंडावर मी कधी म्हणत नाही. आधीच हुकूम काय कमी सोडते!"

सूनबाईने पदर तोंडाशी धरला. ती हसत होती की रडत होती, मी पाहिले नाही.

ते जिन्यापाशी गेले, कठड्यावर हात ठेवला आणि वर तोंड करून हाक मारली, "अगं, ऐकलंस का? जरा खाली ये."

ती हाक ऐकून मला किती महिने झाले होते! "आले," मी त्यांच्या पाठीमागून म्हणाले. त्यांनी वळून पाहिले नाही. ते वरच पाहत होते.

"येईल हं, बाई," ते मला म्हणाले. "गुडघे दुखतात तिचे. वेळ लागतो."

मी रस्त्याकडच्या दाराने बाहेर पडले. घराला वळसा घालून मागच्या लोखंडी जिन्याने वर चढले, एकेका पायरीवर थांबत. स्वयंपाकघरातून आत आले आणि चौदा पायऱ्या उतरू लागले. ते कठड्याशी तसेच उभे होते. मला पाहताच त्यांच्या कपाळावरची आठी गेली.

"किती वेळ गं?"

"दूध होतं गॅसवर."

"ही खुर्ची बघ. एका बाईंची आहे. आत्ता इथं होत्या, कुठं गेल्या कोण जाणे. फार उतरलेलं होतं त्यांचं तोंड. त्यांना बोलू नकोस काही. नीट करून दे. गादीखाली बघ."

"बघते," मी म्हणाले. "तुम्ही बसा."

"कशावर बसू? माझी खुर्ची कुठं आहे?"

मी गादी उचलली. खालचा रंग होता तसाच होता.

"रंगायला गेली आहे," मी म्हणाले. "आली की सांगते."

"लवकर आणायला सांग. पाय दुखतात."

सूनबाईने स्टूल आणून ठेवले. त्यांनी त्याच्याकडे पाहिले नाही. कठड्याला धरून ते उभेच राहिले, आणि मी पहिला डबा उघडला.