भिंतीवरचं बी

या मायमाउल्यांनो, टाळ जरा मांडीवर ठेवा अन् पुढं सरका. बुवा यायला वेळ आहे, तोवर आपल्या मुकुंदवाडीतल्या एका दोडक्याची गोष्ट ऐका.

द्वारकाबाई आणि साळूबाई जावा-जावा, दोघीही विधवा. शेताचे प्लॉट पडले, चहूकडं इमारती उठल्या, तरी घरामागच्या भिंतीवरचा दोडक्याचा वेल काही त्यांनी सोडला नाही. बी त्यांच्या सासूच्या हातचं. पहिला दोडका तोडायचा नाही, त्याला लाल चिंधी बांधून वेलावरच वाळू द्यायचा. मग त्याचं बी ओल्या गोवरीत दाबून गोवरी भिंतीला थापायची. शेणातल्या बियाला कीड लागत नाही.

पुढं दुष्काळ पडला. टँकरचं पाणी प्यायलाच पुरेना. ज्यांना या दोघी बी द्यायच्या, त्यांचेही वेल जळाले. यांनी भांडी धुतलेलं पाणी घालून एक वेल जगवला, त्यावर एकच दोडका वाळवला. तेवढंच बी उरलं, भिंतीवर.

द्वारकाबाईंचा मुलगा ऋतुराज चितेगावला कंपनीत. तो एकदा पाकीट घेऊन आला. "आई, कशाला मरमर करती? हे टाक, भारी येतंय."

"दुकानातलं बी म्हंजी पाव्हणा," द्वारकाबाई हसल्या. "एक हंगाम जेवतो अन् जातो. पुन्हा तोंड दावीत नाय. व्हय गं साळू?"

"तुमच्या भावावानी," साळूबाई म्हणाल्या.

त्याच वैशाखात द्वारकाबाई बसल्या जागी गेल्या.

अंगणात माणसं जमली. कुणीतरी आत डोकावलं. "मडक्यात विस्तव धरायला गोवऱ्या हायेत का?" घरात गॅस, गोवऱ्या कुठल्या? साळूबाई जावेच्या पायाशी बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मागं भिंतीवर हायेत. घ्या."

गोवऱ्या पेटल्या. ऋतुराजनं मडकं धरलं. माणसं निघून गेली.

दहावं उरकल्यावर साळूबाई खरकटं पाणी टाकायला मागं गेल्या. भिंतीवर नुसते गोल डाग होते. त्या तशाच उभ्या राहिल्या.

"काकू, काय झालं?" ऋतुराजनं विचारलं.

"बी गेलं."

"कुठं?"

"तुझ्या आईसंगं. मीच दिलं."

रडू आलं नाही. डागावर हात ठेवला, तर भिंत कोरडी लागली. मग त्या भांडी घासायला बसल्या.

मृगात ऋतुराजच्या बायकोनं, प्रेरणानं, ते पाकीट फोडून बी लावलं. वेल भराभर चढला. दोडके लांब, सारखे, देखणे.

"कशी झाली भाजी, काकू?" प्रेरणानं विचारलं.

"झाली की."

पण त्याआधी पहिल्या दोडक्याला त्यांनी लाल चिंधी बांधली होती. ऋतुराजला राहवलं नाही. "काकू, पाकिटावर लिहिलंय, याचं बी धरू नका. पुढच्या साली असं निपजत नाय."

"मला ठावं हाय."

"मग?"

"तुझ्या आईच्या लुगड्याची चिंधी हाय," साळूबाई म्हणाल्या. गाठ ओढून घट्ट केली आणि घरात गेल्या.

तो दोडका वेलावर वाळला. कुणी तोडला नाही, कुणी बीही काढलं नाही.

बुवा आले वाटतं, टाळ घ्या. पांडुरंगाचं नाव तर घ्यालच. पण घरी गेल्यावर ताटात दोडका आला, तर पहिल्या घासाला आमच्या द्वारकाबाईंची आठवण काढा, एवढंच मागणं आहे.