डावं-उजवं माझ्या भरवशावर

मी एक जनुक बोलतोय. बिघडलेलं. एका मुलीच्या अंगातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत माझी हजेरी आहे आणि काम मात्र शून्य. अशी नोकरी कुणाला नको असते?

काम तसं साधं होतं. श्वासाच्या नळ्यांना आतून बारीक लव असते. ती सतत हलते आणि कफ, धूळ वर ढकलत राहते. त्या लवेला हलवणारा भाग कसा घडवायचा, हे माझ्यात लिहिलेलं असतं. माझ्यातलं मधलंच एक अक्षर गळालं. लव उगवली, पण हलली नाही.

आईच्या पोटात बाळाचं डावं-उजवं ठरवते तीही अशीच लव. ती नुसती बघत राहिली. हृदयाने थोडी वाट पाहिली आणि ते उजवीकडे जाऊन बसलं. कुणाला सांगितलं नाही.

मुलगी जन्मली ती खोकतच. शाळेत तिला खिडकीजवळचा शेवटचा बाक मिळाला. घरी माझ्या खानदानाचा शोध सुरू झाला.

"आमच्याकडे कुणी असं खोकत नाही हं," आत्या म्हणायची.

"आमच्याकडे तर शिंकतसुद्धा नाहीत," मावशी म्हणायची.

दोघी खरं बोलत होत्या. दोन्ही घरांत माझी एकेक बिघडलेली प्रत होती, पण जोडीला एक चांगली असल्यामुळे सगळं झाकलं गेलं. मुलीच्या वाट्याला दोन्ही बिघडलेल्या आल्या. आईबाबांनी अगदी सारखी वाटणी केली.

एकदा ताप उतरेना. एक्स-रे काढला. डॉक्टरांनी प्रकाशाच्या पेटीवर लावलेली फिल्म पाहिली.

"डाव्या फुप्फुसाभोवती पू झालाय. सुईने काढून टाकू."

आईने डोळे मिटले. मुलगी मात्र फिल्मकडे टक लावून बघत होती. तिच्या झग्याचं बटण तुटलं होतं, म्हणून आईने डाव्या खांद्याला पिन लावली होती.

"डॉक्टरकाका, माझी पिन या खांद्याला आहे. फोटोत ती उजव्या खांद्याला कशी?"

"फोटोत तुझं डावं माझ्या उजवीकडे दिसतं, बाळा. म्हणजे तुझी पिन दिसायला हवी इकडे..." त्यांचं बोट फिल्मच्या उजव्या कडेला गेलं; पिन डाव्या कडेला होती. सुई त्यांनी ट्रेमध्ये परत ठेवली.

एक्स-रेवाल्याला बोलावलं. माणूस फार नीटनेटका.

"हृदय उजवीकडे आलं होतं, साहेब. म्हटलं, माझ्याकडूनच फिल्म उलटी लागली असणार. म्हणून पालटली. हिची दरवर्षीच पालटावी लागते."

डॉक्टरांनी हृदय ऐकायला स्टेथोस्कोप पहिल्यांदाच छातीवर उजवीकडे टेकवला. हृदय आपलं ठणठणीत वाजत होतं. पू उजवीकडेच होता. सुई तिकडे गेली आणि चांगलं फुप्फुस वाचलं.

मग तपासण्या झाल्या आणि मी पकडला गेलो. मला दुरुस्त करणारं औषध अजून नाही. आत्या आणि मावशी सध्या हवापाण्यावर बोलतात.

आता रोज सकाळी मुलगी उशीवर पालथी झोपते आणि बेकरीतून आलेले बाबा पीठ मळणाऱ्या हातांनी तिची पाठ थोपटतात. कफ सुटतो.

"हळू हो बाबा, मी पाव नाही!"

"पाव एवढं बोलत नाही."

माझ्याकडून काही अपेक्षा ठेवू नका. फक्त कुणाचं हृदय भलतीकडे दिसलं, तर फिल्म पालटण्याआधी एकदा छातीला कान लावा. बाकी इथे सगळं ठीक आहे. नोकरी माझी आहे आणि राबतायत तिचे बाबा.