अमितच्या नावाचा डबा

"थांब, झाकण मी उघडते," म्हणत चारुताने अनिकाच्या हातातला डबा जवळजवळ ओढूनच घेतला.

डबा रोशनीच्या घरचा होता. अनिका ज्या डेंटल क्लिनिकमध्ये लोकांचे दात साफ करायची, तिथल्या अमितच्या नावाने तो मागवला होता. पत्ताही क्लिनिकचा दिला होता, कारण कॅलिफोर्नियात फ्रीमाँटमधलं चारुताचं टाउनहाउस रोशनीला चांगलंच ठाऊक होतं.

"आई, धिस इज सो वियर्ड. यू आर स्पायिंग ऑन रोशनीताई."

"स्पायिंग कसलं? विकत घेतलंय."

रोशनी नागपूरची. नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आली आणि दोन वर्षं रोज सकाळी सात ते अकरा चारुताच्या हाताखाली राबली. भाज्या चिरायच्या, डबे भरायचे, झाकणांवर नावं चिकटवायची. फोडणी चारुता स्वतः घालायची, मीठही स्वतःच. "तुझा हात अजून बसला नाहीये," असं ती म्हणायची, आणि दोन वर्षांत तो बसला असं तिला काही वाटलं नाही. चौदा एप्रिलला रोशनी सुट्टी मागायची. चारुता द्यायची, कशासाठी ते विचारायची नाही.

गेल्या वर्षी रोशनीने स्वतःचे डबे सुरू केले आणि चारुताच्या बेचाळीस डब्यांचे सव्वीस झाले. व्हॉट्सॅप ग्रुपवर रोशनी ताटाचा फोटो टाकायची आणि चारुता त्याखालचे बदाम मोजायची. चौदा वर्षं जेवणारी माणसं आता तिला लिहीत होती, 'काकू, हल्ली मीठ जरा जास्त होतंय का?' हे रोशनीनेच त्यांच्या डोक्यात भरवलं असणार, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. स्वतःची आमटी ती रोज चाखत होती. उलट मीठ कमीच वाटून वरून घालत होती.

तिने डब्यातली आमटी चमच्याने ढवळली. रंग बरोबर होता. मग एक घोट घेतला, तोंडात फिरवला, आणि वर्षभरात पहिल्यांदा तिला मनापासून बरं वाटलं.

"गरम पाणी आहे नुसतं! चिंच नाही, गूळ नाही, मिठाचा पत्ता नाही. ह्यासाठी सोडून गेले मला? अहो, घ्या, बघा तरी."

उल्हासने एक चमचा घेतला. मग दुसरा घेतला. मग वाटी जवळ ओढून भात कालवायला लागला.

"फिकी आहे ना?"

"नाही गं."

"नाही काय? नीट सांगा."

उल्हासने घास गिळला. "ही तुझीच आमटी आहे. पूर्वीची."

"पूर्वीची म्हणजे?"

"म्हणजे हल्ली तू करतेस ती... मी त्यात पाणी घालून घेतो. तू पोळी घ्यायला वळलीस की."

"कधीपासून?"

"झालं असेल वर्ष, दीड वर्ष."

अनिकाने बोट बुडवून चाखलं. "इट्स लिटरली युअर्स, आई." मग आईकडे बघता बघता तिचा चेहरा कामावरच्यासारखा झाला. फोनचा टॉर्च लावत ती म्हणाली, "जीभ दाखव. नो, फुल बाहेर."

जीभ लालभडक होती आणि नव्या फरशीसारखी गुळगुळीत. तोंडाचे दोन्ही कोपरे चिरलेले होते.

"आग होते?"

"तिखटाने होते कधीमधी."

"पायाला टिंगलिंग?"

"मुंग्या वयाने येतात."

"तू फिफ्टी-सिक्स आहेस, आई."

रक्ताच्या तपासणीत बी-बारा तळाला गेलेलं निघालं. मधुमेहाची गोळी अकरा वर्षांची, ॲसिडिटीची त्याहून जुनी. दोन्ही गोळ्या हे व्हिटॅमिन अंगी लागू देत नाहीत. दूध पचत नाही म्हणून सोडलेलं. बेचाळीस जणांचे डबे भरणारी बाई स्वतः सिंकपाशी उभी राहून कोरा चहा आणि टोस्ट खात होती.

डॉक्टर शांतपणे समजावत होत्या. पाण्यात विरघळणारी व्हिटॅमिन्स शरीर फारशी साठवत नाही, जास्तीची लघवीवाटे जातात. बी-बारा मात्र वेगळं. त्याचा साठा लिव्हरमध्ये वर्षानुवर्षं पुरतो, त्यामुळे तो संपत आलाय हे कळायलाही वर्षं लागतात. आता इंजेक्शनं घ्यायची, आधी दर आठवड्याला, मग महिन्याला.

"आणि चव?" चारुताने विचारलं.

"येईल बहुतेक. काही महिने द्या."

परतताना गाडीत ती मनाशी हिशेब मांडत राहिली. मीठ तिचंच जास्त पडत होतं. रोशनीने कोणाचे कान भरले नव्हते, काही चोरलं नव्हतं. रागाला धरायला काही उरलं नाही, पण हेवा होता तिथेच होता. उलट आता तो जास्त टोचत होता, कारण रोशनीच्या आमटीत जे होतं ते सगळ्यांना लागत होतं, फक्त तिला एकटीला नाही.

त्यातच पुढच्या रविवारची महाराष्ट्र मंडळाची ऑर्डर, ऐंशी पानं. नाही म्हटलं तर ती कोणाकडे जाणार हे उघड होतं. खारट झालं तर पुढचीही जाणार होती. चाखायला उल्हास होता, पण तो बत्तीस वर्षं प्रत्येक गोष्टीला "छान" म्हणत आला होता. दोन दिवस फोन हातात घेऊन पुन्हा खाली ठेवल्यावर शुक्रवारी चारुताने रोशनीला फोन लावला.

रोशनी रविवारी सकाळी साडेसहाला आली. दारातच चपला काढल्या, हात धुतले, आणि म्हणाली, "काकू, अमितला आवडली का आमटी?"

चारुताच्या हातातली पळी थांबली. "तुला कसं कळलं?"

"ऑर्डरसोबत विचारलंत ना, गूळ आधी घालता की उकळी आल्यावर. इथला कुठला अमित हे विचारेल?"

"मग पाठवलीस कशाला?"

"गिऱ्हाईक आहे. पण त्या दिवशी भीतभीतच केली हो मी."

चारुताला हसू आलं नाही. तिने आमटी ढवळली, पळी वर काढली आणि दोन थेंब रोशनीच्या तळहातावर टाकले. रोशनीने फुंकर घालून चाखलं. चारुता तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

"सांग. खरं सांग."

"गूळ बरोबर आहे. मीठ कमी आहे, काकू. भिऊन घातलंय."

मिठाची बरणी चारुताच्या डाव्या हाताशी होती. गेली चौदा वर्षं तिथेच असायची. तिने ती उचलली, क्षणभर धरून ठेवली आणि ओट्यावरून रोशनीकडे सरकवली.

"घाल."

"मी?"

"तूच. मला काय कळणार आहे?"

रोशनीने झाकण काढलं. चमचा आतच होता. तिने तो बाजूला ठेवला. तीन बोटांत मीठ घेतलं, पातेल्याच्या कडेने हात फिरवत सोडलं आणि उरलेले दाणे अंगठ्याने मधोमध झटकले.

अगदी चारुता झटकायची तसेच. हे तिने कधी कोणाला शिकवलं नव्हतं.

"पुन्हा घेऊन बघ," ती म्हणाली, आणि पळी रोशनीच्या हातात दिली.